पेंड आडवी, दूध उभं

घुगरे मॅडम म्हणाल्या, घरातले असे दोन आकडे आणा
जे रोज एकमेकांच्या शेजारी राहतात.
कुणी वीजबिल आणि पंख्याचे तास आणले,
कुणी भावाचं वय आणि त्याची उंची.
मी गोठ्यातली वही आणली,
खुंटीला सुतळीनं बांधलेली,
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर अप्पांचा शेणाचा अंगठा.

चंद्री : पेंड साडेचार किलो, दूध सात लिटर.
हरणी : चार, सहा.
बिजली : साडेतीन, चार. (त्या आठवड्यात रुसली होती.)
शनिवार पेठेतल्या आमच्या बोळात
म्हशींना नावानं ओळखतात
आणि आम्हाला म्हशींवरून.

आपण ठरवतो ते स्वतंत्र चल, ते क्षवर, मॅडम म्हणाल्या.
त्यावरून जे ठरतं ते अवलंबी, ते यवर.
सोपं होतं.
पेंड अप्पा मोजतात, डालड्याच्या जुन्या डब्यानं.
पेंड आडवी.
दूध उभं.
नऊ ठिपके डावीकडून उजवीकडं चढत गेले,
नदीत डुंबून घाट चढणाऱ्या म्हशींसारखे,
एखादी जरा पुढं,
एखादी वाटेवरच्या भाजीच्या पाटीत तोंड घालून.

एकच ठिपका क्षच्या अंगावर पडून राहिला.
भुरी : पेंड तीन किलो, दूध शून्य.
मॅडमनी त्याभोवती लाल गोल काढला,
बाजूला लिहिलं, नोंद तपासा.

रात्री गंगावेशीतल्या कट्ट्यावर
दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात
मी तो कागद अप्पांना दाखवला.
पालथ्या बादलीवर बसून त्यांनी तो उलटा धरला,
मग आडवा, मग लांब.
"ह्ये असं का काढलंस?"
दूध पेंडीवर अवलंबून असतं, अप्पा.
"कुणी सांगितलं? आदी बघायचं ती देतीया किती.
अंगापुरती एक किलो,
वर लिटरामागं अर्धा.
दूध मी न्हाई ठरवत, बाई.
दूध बघून पेंड ठरतीया."

कुणीतरी पेला पुढं केला, म्हणालं, फेस जरा जास्त.

मी कागद फिरवला.
ठिपके तेच. त्यांच्यातली अंतरं तीच.
आडवं होतं ते उठून उभं राहिलं, एवढंच.
ठिपके सांगत नाहीत आधी कोण बोललं.
त्यांना विचारलं तर म्हणतील, आम्ही बरोबर होतो.
बाकीचं त्या माणसाला विचारायचं
ज्याच्या हातात डबा आहे.

मग भुरी? तुमच्या हिशेबानं तिला एकच किलो.
अप्पांनी कासेवर पाणी मारलं.
पहिली धार भांड्याच्या बुडाला वाजली,
पुढच्या धारा फेसात बुडत गेल्या.
"दोन पोटातल्याला,"
ते भांड्याकडंच बघत म्हणाले.

म्हणजे नोंद बरोबर होती.
कागदालाच दोन बाजू कमी पडत होत्या.

पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात कवड्या घालून
अप्पा चंद्रीला मोटारसायकलमागं पळवतात.
बघणारे म्हणतात, गाडी पळते म्हणून म्हैस पळते.
मी गाडीवर मागं बसलेली असते.
मला अप्पांचे डोळे आरशात दिसतात,
सगळा रस्ता सोडून तिच्या नाकपुड्यांवर,
आणि त्या फुगल्या की
मुठीतला वेग आपोआप उतरतो.

मी दोन्ही आलेख दिले, उभा आणि आडवा.
मॅडमनी विचारलं, यातला खरा कुठला?
"सांगतो," मी म्हणाले.
"सांगते," त्यांनी सुधारलं. त्या नाशिकच्या.
मग मी सांगितलं, आणि त्यांनी बराच वेळ
लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं.
भुरीभोवतीचा गोल तसाच आहे.
त्यावर त्यांनी फक्त एक प्रश्नचिन्ह वाढवलं.

पहाटे अप्पा गोठ्याची कडी काढतात
आणि अंधारात म्हणतात, चल.
पुस्तकात हा शब्द नाम आहे.
इथं त्याच्या आधीच
भुरी उठून दाराशी आलेली असते.